शेळी कर्जाऊ, गायरान कुणाचं?



दसरा तोंडावर आला की बीड जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांत मुकादम फिरायला लागतो. खिशात नोटा, हातात वही. शहरात आपल्याकडे मात्र बाराही महिने एक फोटो फिरत असतो. फोटोत एक बाई. डोक्यावर पदर, हातात शेळीची दोरी. खाली मजकूर: हिला थोडं कर्ज द्या, हिचं आयुष्य बदला. पैसे परत मिळतील, पुन्हा दुसरीला द्या. भीक घालायची नाही, कर्ज द्यायचं. देणाऱ्याचा पैसा शाबूत, घेणारीचा स्वाभिमान शाबूत. सगळं कसं गुळगुळीत.

आपल्यातली जी पोरं शिकून बँकेत, कंपनीत, सरकारी कचेरीत चिकटली त्यांना हे पटतं. १४ एप्रिलच्या वर्गणीतला डीजेचा खर्च कापू, एक फंड काढू, बीडच्या आयाबहिणींना बिनव्याजी कर्ज देऊ, असं म्हणणारे मित्र आम्हाला भेटतात. त्यांच्या मनात खोट नाही. म्हणूनच हे लिहायचं. खोट असती तर दोन शिव्या हासडून मोकळे झालो असतो.

पहिलं म्हणजे ही कल्पना आली कुठून ते बघू. १९७६ साली बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ४२ माणसांचं सावकारी कर्ज खिशातून फेडलं. सगळं मिळून २७ डॉलर. त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली बँकेला आणि युनूसना शांततेचं नोबेल मिळालं. तिकडे अमेरिकेत २००५ ला किवा सुरू झाली: घरबसल्या २५ डॉलर द्या, आफ्रिकेतल्या नाहीतर आशियातल्या एखाद्या गरिबाला कर्ज गेलं म्हणून समाधान माना. देणारा व्याज घेत नाही. पण मधली स्थानिक संस्था गरिबाकडून व्याज वसूल करते, ते फोटोखाली बारीक अक्षरात. वर २००९ ला एका अभ्यासकाने दाखवून दिलं की फोटो लागायच्या आधीच ते कर्ज बहुतेक वेळा वाटून झालेलं असतं. म्हणजे तुम्ही ज्या बाईला कर्ज दिलं म्हणून रात्री सुखाने झोपलात, तिला ते केव्हाच मिळालेलं होतं. आपल्या देशातही याच धर्तीवर २००८ ला ‘रंग दे’ ही संस्था निघाली.

आता शेजारच्या आंध्रात काय झालं ते बघा. तिथं गरिबांना कर्ज देणं हा धंदा झाला. एसकेएस मायक्रोफायनान्स समाजसेवा म्हणून सुरू झालेली. २०१० च्या उन्हाळ्यानंतर तिने शेअर बाजारात उडी मारली आणि हजारो कोटींची कंपनी झाली. त्याच वर्षी गावागावांत एकाच बाईच्या नावावर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जं, वसुलीला माणसं दारात, आणि आत्महत्यांच्या बातम्या. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र सरकारला वटहुकूम काढून या कंपन्यांना आवर घालावा लागला. शेअर विकत घेणारे आणि विष घेणारे एकाच वर्षातले. साला, हा योगायोग म्हणायचा?

आणि गरिबी हटली का? हैदराबादच्या झोपडपट्ट्यांत बॅनर्जी-डुफ्लो आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं मोजमाप केलं. बॅनर्जी-डुफ्लोंना पुढं २०१९ साली नोबेल मिळालं. २०१५ साली सहा देशांतले असे सहा अभ्यास एकत्र छापले गेले. निष्कर्ष साधाच होता. काहींचा आधीचा धंदा थोडा वाढला, काहींनी घरात एखादी वस्तू घेतली, पण सरासरी उत्पन्नात डोळ्यात भरण्याजोगा फरक नाही. बायकांच्या शब्दाला घरात वजन आलं असंही दिसलं नाही. हे कुणा चिडलेल्या पँथरने लिहिलेलं नाही. नोबेलवाल्यांनी लिहिलंय.

पण हैदराबाद राहू द्या. बीडला या.

बीडमध्ये कर्जाचा दुष्काळ कधीच नव्हता. दुष्काळ पाण्याचा, जमिनीचा, मजुरीचा. कर्ज इथं दारात चालत येतं, त्याला उचल म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याला साठ-सत्तर हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत उचल. ती घेतली की दिवाळीच्या आगेमागे भांडीकुंडी, पोरं, म्हातारी ट्रकमध्ये घालून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या फडावर जायचं. बाई एकटी असली, नवरा मेलेला वा सोडून गेलेला, तर ती अर्धा कोयता. माणूस मोजायचं माप सुद्धा हत्याराचं.

आता आमच्या बिनव्याजी कर्जवाल्या मित्रांनी कान देऊन ऐकावं. चालू हंगामाच्या उचलीला सहसा व्याज नसतं. होय, बिनव्याजी! मुकादम तुमच्या आधीच समाजसेवक झालेला आहे. मग तो खातो कुठं? हिशोब करू. जानेवारी २०२४ मध्ये संघटनांनी भांडून तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये करून घेतला. एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो असं धरू. पहाटे चारला उठून, थंडीत, पाचटात हात कापून घेत. दिवसाचे झाले ७३२ रुपये, दोघांचे मिळून. लाखाची उचल फिटायला १३७ दिवस. एकही सुट्टी नाही, एकही आजारपण नाही, बाईची पाळी नाही, पोराचा ताप नाही. पावसाने दगा दिला, ऊस कमी झाला आणि हंगाम शंभर दिवसांत आटोपला, तर फिटले ७३,२००. बाकी २६,८००. आठवड्याच्या बाजाराला घेतलेली खर्ची त्यात अजून धरलेलीच नाही. ही बाकी पुढच्या वर्षी डोक्यावर, आणि तिला मात्र व्याज लागू शकतं. व्याज न लावता माणूस बांधून ठेवायची ही रीत आहे. दर कारखाना ठरवतो, वजन कारखान्याचा काटा ठरवतो, बाकी मुकादमाची वही ठरवते. ज्याने घेतलं त्याच्या हातात फक्त कोयता.

आणि खाडा. एक दिवस कामाला गेलं नाही की दंड. पाचशे पाचशे रुपये कापल्याच्या तक्रारी बायकांनी केलेल्या आहेत. दंड नको म्हणून पाळी नको, पाळी नको म्हणून पिशवीच नको. २०१९ साली बीडच्या गर्भपिशव्यांची बातमी देशभर गेली तेव्हा सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. काही पोरी तिशीच्याही आतल्या. आणि त्या ऑपरेशनला पैसा कुठून आला? मुकादमाकडून, सावकाराकडून, म्हणजे पुन्हा उचलीत. शरीर कापायलाही कर्ज, आणि ते कर्ज फेडायलाही तेच शरीर.

असल्या घरात आपण पाच-दहा हजारांचं कर्ज पाठवणार. शेळीसाठी. ठीक आहे, शेळी येऊ द्या. ती चरणार कुठं?

इथं खरा प्रश्न सुरू होतो, आणि फोटोत तो मावत नाही. भूमिहीनाची शेळी बांधावर गेली की बांधवाला शिव्या देतो, शेळी कोंडून घालतो. उरतं गायरान. मराठवाड्यात गायरानासाठी आपल्या माणसांनी रक्त सांडलंय. दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ ला देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंगात गेले. नंतर याच बीडच्या दुकडेगावातल्या पोतराजाच्या पोराने, एकनाथ आवाडांनी, मराठवाडाभर मांग-महारांना, पारध्यांना गायरानात नांगर घालायला शिकवलं. आवाड २०१५ ला गेले. त्यांच्यानंतरही लोक त्या तुकड्यांवर ज्वारी-बाजरी पिकवत राहिले. सरकारने १९९० पर्यंतची काही अतिक्रमणं नियमित करायचं कबूल केलं, पण सातबारा किती जणांच्या हातात पडला ते तहसीलला जाऊन विचारा. त्यात २०२२ ला उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं काढायचा आदेश दिला आणि गावोगावी नोटिसा निघाल्या. कारखाना, शाळा, पुढाऱ्याचा पेट्रोलपंप ज्या जमिनीवर उभा आहे तिथं नोटीस कशी पोचते आणि मांगवाड्यात कशी पोचते, ते आम्ही सांगायला नको.

तेव्हा एका हाताने गायरान काढून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने शेळीला कर्ज द्यायचं. शेळी विकून हप्ता, आणि हप्त्यासाठी पुन्हा उचल.

बरं, शेळी नको, म्हैस घेऊ. दूध कोण घेणार? डेअरीच्या कॅनमध्ये जात मिसळून जाते हे खरं, पण गावातल्या घरी रोजचा रतीब? खानावळ टाकू म्हणता? बुद्धवाड्यातल्या बाईच्या हातची भाकरी गावातला कोण खाणार? शिलाई मशीन, किराणा, पापड... बाजारात सगळे सारखे असतात असं ज्यांनी पुस्तकात लिहिलं त्यांनी बीडच्या एखाद्या खेड्यात दुकान मांडून बघावं. मारवाड्याच्या दुकानात सगळं गाव येतं. आपल्या बाईच्या दुकानात फक्त आपली वस्ती येते, आणि वस्ती सहा महिने फडावर असते! मग विकायचं कुणाला, कुत्र्यांना?

या धंद्यात ‘अठ्ठ्याण्णव टक्के वसुली’ असं अभिमानाने सांगतात. गरीब प्रामाणिक असतो, म्हणतात. गरीब प्रामाणिक असतोच, पण ही वसुली प्रामाणिकपणाने होत नाही. पाच-दहा बायकांचा गट करायचा आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. कंपनीच्या साहेबाला शिवी द्यावी लागत नाही, शेजारीण देते. काल जी बाई मोर्चात आपल्या खांद्याला खांदा लावून होती ती आज हंड्यासाठी दारात बसते, कारण तिच्याही चुलीवर तोच हप्ता आहे. पोलिसाला वस्तीत यायला भीती वाटायची असा एक काळ होता. आता वस्तीचा पोलीस वस्तीतूनच तयार होतो, पगार न घेता. संघटना फोडायला याहून स्वस्त हत्यार कुणी काढलं नसेल.

रिझर्व्ह बँकेने २०२२ ला या कर्जांसाठी नियम केले. घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर कर्ज विनातारण, सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा तगादा नको. हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, वस्तीतल्या प्रत्येक बाईला माहीत असलं पाहिजे. पण त्याच नियमांनी व्याजाची कमाल मर्यादा काढून टाकली, कंपनीने आपलं आपण ठरवावं म्हणून. वीस-पंचवीस टक्के व्याज आज सर्रास आहे. मोटारगाडी घेणाऱ्या साहेबाला नऊ-दहा टक्क्यांनी, शेळी घेणाऱ्या बाईला पंचवीस टक्क्यांनी.

आणि जामीन? बाईला जामीन शेजारीण. साखर कारखान्याला जामीन कोण? महाराष्ट्र सरकार! थकहमी म्हणतात तिला. कारखाना बुडाला तर सरकार भरणार, म्हणजे तुम्ही-आम्ही भरणार, म्हणजे ती ऊसतोड बाई मिठामिरचीवरच्या करातून भरणार. सहकाराचा इतिहास आम्ही नाकारत नाही. प्रवरानगरला शेतकऱ्यांनी मिळून पहिला सहकारी साखर कारखाना काढला तेव्हा ते मोठंच काम होतं. पण तो शेअर घेणाऱ्याचा सहकार, आणि शेअर घ्यायला ऊस लागतो, उसाला जमीन लागते. तोडणारा त्यात कधीच सभासद नव्हता.

कर्जमाफीचंही तेच. १८७५ ला पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले तेव्हा इंग्रजाला १८७९ चा कायदा करावा लागला. बीड तेव्हा निजामाकडे होतं, पण ते असू द्या. तेव्हापासून आजवर ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीन होती त्याच्याच कर्जाला सरकारने कर्ज मानलं. २०१९ च्या कर्जमाफीला नाव दिलं महात्मा जोतीराव फुल्यांचं. आणि मिळाली कुणाला? पीककर्ज असणाऱ्याला. पीककर्जाला सातबारा लागतो. भूमिहीनाची उचल, बाईचा बचतगटाचा हप्ता, मायक्रोफायनान्सचं कर्ज, यातला एक छदाम माफ झाला नाही. ज्या जोतीरावांनी शूद्रातिशूद्र हा शब्द एका श्वासात उच्चारला, त्यांच्या नावाच्या योजनेत अतिशूद्र बाहेर.

आपल्यासाठी सरकारने काहीच केलं नाही असं नाही. १९७८ ला महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ काढलं, १९८५ ला अण्णाभाऊ साठे महामंडळ. बीजभांडवल, अनुदान, प्रशिक्षण. अर्ज करून बघा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दोन जामीनदार, आणि शेवटी बँकेचा मॅनेजर जो ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतो. साठे महामंडळात तर २०१५ ला अध्यक्ष राहिलेल्या आमदारालाच कोट्यवधींच्या घोटाळ्याच्या आरोपाखाली अटक झाली. अण्णाभाऊंचं नाव आणि हा कारभार! बीडमध्ये ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन पैसा साठवला त्यांची तऱ्हा वेगळी नाही. ज्ञानराधा मल्टिस्टेटची दारं २०२३ मध्ये बंद झाली आणि लाखो ठेवीदार आ वासून बसले. तेव्हा कर्ज घेऊ नका, बचत करा, असा उपदेश करणाऱ्यांनीही जरा दमानं.

एक योजना मात्र नाव घेण्यासारखी. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना, २००४ ची. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन दलित-बौद्ध कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायत जमीन. आधी निम्मं कर्ज, निम्मं अनुदान होतं. २०१८ पासून सगळंच अनुदान. कागदावर इतकी देखणी योजना दुसरी दाखवा! पण जमीन विकणारा पाहिजे. सरकारच्या भावात, सरकारी कचेरीत हेलपाटे घालून, आणि तीही महारामांगाला विकणारा. तो भेटत नाही म्हणून फायली पडून राहतात. सरकारला महामार्गाला, धरणाला, कारखान्याला जमीन सक्तीने घेता येते. भूमिहीनासाठी मात्र ती बाजारात शोधायची. बाबासाहेबांनी १९४७ ला ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती सरकारच्या मालकीची करा, गावाने ती सामुदायिक कसावी, पाणी-बैल-अवजारं-बियाणं सरकारने पुरवावं असं मांडलं होतं. कर्जाऊ शेळीचं त्यात कुठं नाव नाही.

मग फंड काढूच नये का? काढा. डीजे तर बंदच करा, त्याने म्हाताऱ्यांचे कान गेले. पण तो पैसा कर्ज म्हणून पाठवू नका. ऊसतोडीच्या दरासाठी हंगामाच्या तोंडावर संघटना कोयता बंदची हाक देतात, तेव्हा तो संप मोडतो कशाने? घरात दाणा नसतो म्हणून. मुकादम येतो, पैसे टाकतो, टोळी उठते. त्या वीस दिवसांचं पीठमीठ जर घरात असेल तर कोयता घरीच थांबतो आणि कारखाना खाली बघतो. कोयत्याला दिवसाला पाचशे धरले तर वीस दिवसांचे दहा हजार. शंभर पोरांनी हजार हजार काढले की दहा कोयते थांबतात. दहाच? होय, दहाच. हसू नका. एका टोळीत तेवढेच असतात, आणि एक टोळी थांबली की शेजारची वस्ती बघते. त्याची परतफेड मागायची नाही. वाढलेल्या दरातून ते पुढच्या वर्षीच्या संपाला देतील, नाही दिलं तरी बिघडलं नाही.

दुसरं काम पैशाशिवायचं आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा वाचा. वेठबिगार ठरलेल्या माणसाचं ते कर्जच कायद्याने बुडीत होतं, फेडायची जबाबदारी संपते. मुक्ततेच्या दाखल्यावर तातडीची मदत आणि गुन्हा शाबीत झाला तर पुनर्वसनाचे लाखभर आणि वर पैसे द्यायची केंद्राची योजना २०१६ पासून आहे, ती कर्ज नाही. कायद्याप्रमाणे जिल्ह्याला दक्षता समिती पाहिजे आणि तिच्यावर अनुसूचित जाती-जमातींची तीन माणसं पाहिजेत. बीडच्या समितीवर ही तीन माणसं कोण आहेत? समिती शेवटची बसली कधी? किती उचली तिच्यासमोर आल्या?

पुण्या-मुंबईच्या दोस्तांनी सप्टेंबरात, टोळ्या निघायच्या आधी, आपापल्या गावी जावं. बहुतेकांचं गाव तिकडंच आहे, नाहीतर मामाचं तरी. प्रत्येक कोयत्यामागे एक पान करावं: उचल किती, कुणाकडून, कोणता कारखाना, मागची बाकी किती, खाड्याला दंड किती, पोरं बरोबर किती जाणार, बाईचं ऑपरेशन झालंय का. मुकादमाच्या वहीचा फोटो काढता आला तर काढावा, न जमलं तर बाईला विचारून लिहावं, तिला आकडे पाठ असतात. नावं बाहेर फोडू नयेत. परत आल्यावर बसून बीडच्या जिल्हाधिकाऱ्याला वरचे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावेत. अर्जाला दहा रुपये लागतात.